अंगणापलीकडची हजेरी

परीक्षा जवळ आल्या की आमच्या शाळेत मैद्याची खळ शिजते. बाकांवर रोल नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. खळीचा तो आंबूस वास, खिडकीतून आत येणारा कडुनिंबाच्या मोहराचा वास, आणि दूर सावरगावच्या बाजूला जाम नदीच्या कोरड्या पात्रात फिरणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज. हे सगळं एकदम आलं की पांढुर्ण्यात उन्हाळा बसला असं समजायचं. बाकीच्यांना या दिवसांत पर्यवेक्षणाच्या ड्युटीची काळजी असते. माझं मात्र शाळेच्या मोठ्या हॉलच्या दारात पाऊल अडतं. हॉल रिकामा असतो, झाडून स्वच्छ केलेला असतो, आणि तरी आत जाण्याआधी मी खाली बघते. कुणाच्या अंथरुणावर तर पाय पडणार नाही ना.

आता काही वर्षं झाली. सोबतचे शिक्षक हसतात. मीही हसते आणि आत जाते.

त्या वर्षी दहावीचे पेपर मधातच थांबले होते. महामारी आली, रस्ते बंद झाले, दुकानं बंद झाली, राज्यांच्या सीमांवर पोलीस उभे राहिले. आमचं पांढुर्णा अगदी महाराष्ट्राच्या कडेला. नागपूरहून बैतूल, भोपाळकडं जाणारा मोठा रस्ता गावाजवळून जातो. त्या रस्त्यावरून एरवी संत्र्याचे ट्रक जातात. त्या उन्हाळ्यात माणसं चालत येऊ लागली.

मी सौंसरची. वडलांचा संत्र्याचा मळा, शाळेला मी पायी जायची, उन्हातान्हाचं मला नवल नाही. पण ती माणसं पाहून मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले. कुणी बोलत नव्हतं. लेकरंसुद्धा रडत नव्हती. डांबर चपलेला चिकटत होतं आणि त्याचा चप् चप् असा आवाज तेवढा येत होता. आणि त्यांच्यात म्हातारी माणसं होती. हे मी कधी मनात धरलंच नव्हतं. टीव्हीवर दिवसभर सांगत होते, साठीच्या वरच्यांनी घराबाहेर पडू नये, त्यांना जपा, त्यांच्याजवळ जाऊ नका. इकडं साठीच्या वरची एक बाई हातगाडीवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत पाय दुमडून बसली होती. एक म्हातारा मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता, आंधळा नव्हता, फक्त त्याला आता पुढचं काही बघायचं नव्हतं.

त्या सगळ्यांना थांबवून आमच्या शाळेत ठेवायचं ठरलं. पुढं जायची परवानगी येईपर्यंत. माझी आणि खवसे सरांची तिथं ड्युटी लागली. खवसे सर गणिताचे, निवृत्तीला टेकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी आणि मी चुन्यानं हॉलमध्ये चौकोन आखले. एका घराला एक चौकोन, मधात अंतर. दुपारपर्यंत चौकोन संपले आणि फाटकावर माणसं उभीच होती.

"मॅडम, अंतर ठेवा म्हनते साहेब," सर मला म्हणाले, "पन ठेवू कुठं? हॉल का रबरचा हाये?"

संध्याकाळी चुन्याच्या रेघांवर माणसं झोपलेली होती. अंगाला अंग लागून. पांढऱ्या रेघा कुणाच्या लुगड्याला लागल्या, कुणाच्या कोपराला. हॉलमध्ये घामाचा, फिनाईलचा, खिचडीचा आणि भेगाळलेल्या टाचांवर लावलेल्या खोबरेल तेलाचा वास कोंडला होता.

घरी आले की मी अंगणातच आंघोळ करायची. सासूबाई माझ्यापासून दूर, मधल्या खोलीत. ताट मी उंबऱ्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी मी मधलं दार लावायला गेले तर त्या म्हणाल्या, "दार नको लावू बाई. तू दिसून राहिली म्हंजे जेवन तरी जाते." मी दार उघडं ठेवलं. त्यांच्या या बोलण्याकडं तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही.

निभा मंडल मला पहिल्यांदा दिसल्या त्या भातावरून. गावातले लोक आळीपाळीनं जेवण पाठवत. त्या दिवशी पुरी-भाजी होती. एक लहानखुरी बाई हातात पुरी घेऊन बसली होती, खात नव्हती. पांढरी साडी, चष्म्याला काळा दोरा, पायाला चिंध्या बांधलेल्या. मी मास्कमधूनच विचारलं तर शेजारी बसलेली तिची सून म्हणाली, "भात मिलेगा तो खाएगा. दाँत नहीं है." दुसऱ्या दिवशी मी घरून भात नेला. निभाबाईंनी तो पाण्यात कालवून, मीठ टाकून खाल्ला आणि मला विचारलं, "तुम इधर का दिदिमणि है?" बंगालीत बाईमास्तरांना तसं म्हणतात, सून मिनतीनं सांगितलं. त्या दिवसापासून मी तिथं दिदिमणि झाले.

बैतूलच्या पलीकडं जंगल तोडून वसवलेल्या बंगाली लोकांच्या वस्त्या आहेत. पूर्वेकडून, सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या. निभाबाईंचं घर त्यांतल्याच एका वस्तीत. मुलगा तपन नागपूरला इमारतींना रंग द्यायचा, मिनती विटा वाहायची, आणि निभाबाई नातीला सांभाळायच्या. काम बंद पडलं तशी ही चौघं निघाली होती. निर्वासित हा शब्द मी वर्गात शिकवलेला. एका धड्यात आहे, त्यावर दोन गुणांचा प्रश्न येतो. त्या शब्दात एक म्हातारी असते, तिला सून असते, नात असते, तिला पाण्यातला भात आवडतो, हे काही त्या धड्यात नव्हतं.

निभाबाईंच्या शेजारच्या चौकोनात सागर जिल्ह्याकडचे लखनलाल होते. नागपूरच्या एका बांधकामावर चौकीदारी करायचे. मुलगा कैलाश तिथंच मिस्त्री. लखनलाल सडपातळ, दाढी रोज घोटणारे. शाळेच्या नळावर, आरशाशिवाय, दोन बोटांनी गाल ताणून ते दाढी करत आणि कैलाशला ओरडत, "देख ले, इधर कुछ रह तो नहीं गया?" कैलाश न बघताच म्हणायचा, "नहीं रहा, बाबूजी." अशा साध्या गोष्टी पाहत दिवस जात होते, आणि आम्हाला वाटू लागलं होतं की एवढ्यावर निभावेल.

मग हॉलमधल्या एका माणसाला ताप आला. खोकलाही. त्याला दवाखान्यात नेलं आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याचे डॉक्टर आले. तरुण पोरगा, डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. त्यांनी हॉलच्या दारातून आत पाहिलं. मग म्हणाले, "बुजुर्गों को आज ही यहाँ से निकालो. सबसे पहले वही जाएँगे." जाएँगे म्हणजे कुठं, ते कुणी विचारलं नाही.

शाळेच्या मागं, मैदानाच्या टोकाला, नवीन बांधलेल्या दोन खोल्या होत्या. म्हाताऱ्यांना तिथं ठेवायचं, घरच्या कुणी तिकडं जायचं नाही, जेवण दारात ठेवायचं. डॉक्टरांचं काही चुकत नव्हतं. एवढ्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला वाचवायचं तर वेगळं करण्याशिवाय दुसरं काय होतं त्यांच्या हातात? नावं घेतली. दहा-बारा जण निघाले. कुणी काठी घेतली, कुणी गाठोडं. लखनलाल उठले, कैलाशला म्हणाले, "पानी की बोतल भर दे," आणि निघाले.

निभाबाई निघाल्या नाहीत. त्या खिडकीशी गेल्या आणि दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून खाली बसल्या.

मिनतीनं समजावलं. तपननं समजावलं, मग तो चिडला. खवसे सर लांबूनच म्हणाले, "आजी, तिकडं हवा चांगली हाये. पंखा हाये." त्या गज सोडेनात. डॉक्टर पुढं आले, वाकून म्हणाले, "माताजी, आपको बचाने के लिए ही ले जा रहे हैं."

निभाबाई वर बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "उनको भी बचाने के वास्ते ही ले गया था."

कुणाला, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, त्यांना वेळ नव्हता. मी अंतर ठेवून जमिनीवर बसले आणि विचारलं. त्यांच्या हिंदीत बाई आणि बुवा सारखेच, गेली नाही, गेला. त्या मोडक्या भाषेत त्यांनी सांगितलं ते असं.

त्या लहान होत्या. आईबाप, भाऊ आणि ठाकुमा, म्हणजे बापाची आई, एवढे जण सीमा ओलांडून आले आणि एका मैदानातल्या छावणीत राहिले. तंबूला तंबू लागलेला. उन्हाळा होता. छावणीत जुलाबाची साथ आली. एक बाबू आला आणि म्हणाला, म्हातारी माणसं वेगळी राहतील, तिकडं स्वच्छ जागा आहे, औषध आहे. ठाकुमाला धड चालता येत होतं, काही झालेलं नव्हतं. पानाची डबी कमरेला खोचून ती इतर म्हाताऱ्यांबरोबर गेली. जाताना नातीला म्हणाली, संध्याकाळी येते.

"फिर?" मी विचारलं.

"फिर रोज हम रस्सी के पास खड़ा रहता था. उधर जाने नहीं देता था. बाबा पूछा, भाई पूछा. कोई बोला ठीक है, कोई बोला दूसरा जगह भेजा. फिर एक दिन ट्रक आया, हमको इधर जंगल में भेज दिया." त्यांनी गजावरची पकड बदलली. "ठाकुमा मर गया कि जिंदा था, आज तक मालूम नहीं. बाबा उसका श्राद्ध नहीं किया. किस दिन करेगा?"

मी तिथंच बसून राहिले. हॉलमध्ये पंखे फिरत होते, कुणाचं तरी लेकरू पुरीचा तुकडा जमिनीवरून ओढत होतं. मला मुलांना शिकवताना वाटायचं, इतिहास म्हणजे झालेल्या गोष्टी. माझ्यासमोर गज धरून बसलेल्या बाईसाठी ती गोष्ट अजून झालेलीच नव्हती. ती म्हातारी साठ वर्षं संध्याकाळी येणार होती. 

खवसे सर माझ्यामागं उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. ते म्हणाले, "मंग मॅडम, काय करायचं?"

हॉलच्या समोर, अंगणाच्या पलीकडं, दहावीचा वर्ग आहे. मोठ्या खिडक्या, दोन दारं. मागच्या नव्या खोल्यांऐवजी म्हाताऱ्यांना तिथं ठेवलं तर अंतरही राहतं आणि हॉलच्या पायऱ्यांवरून सगळे एकमेकांना दिसतातही. मी डॉक्टरांना ते सांगितलं. त्यांनी अंगण डोळ्यांनी मोजल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है. लेकिन बीच में कोई नहीं आएगा."

निभाबाईंना सांगितलं. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "दरवाजा बंद नहीं होगा?"

"नहीं होगा."

"और रोज सुबह तुम नाम लेगा. सबका. जोर से. हम बोलेगा तो इधर आवाज आना चाहिए."

हे तर माझं रोजचंच काम. मी हो म्हटलं. त्यांनी गज सोडला. हाताच्या तळव्यावर गंजाचे लाल पट्टे उमटले होते.

अशी आमच्या शाळेत त्या उन्हाळ्यात हजेरी सुरू झाली. सकाळी ऊन अंगणात यायच्या आधी मी मधोमध उभी राहायची, मास्क हनुवटीवर न घसरू देता जितकं मोठ्यानं बोलता येईल तितकं बोलायची. एकेक नाव. दहावीच्या वर्गातून एकेक आवाज यायचा. कुणी म्हणे हाजिर, कुणी जी. निभाबाई म्हणायच्या, "उपस्थित," लहानपणी छावणीच्या शाळेत शिकलेलं. लखनलाल लष्करातल्यासारखं ओरडायचे, "हाजिर है, मास्टरनी जी." प्रत्येक आवाजाला हॉलच्या पायऱ्यांवरून कुणीतरी हात हलवायचं. पहिले काही दिवस लोक गंभीरपणे उभे असत. मग हसायला लागले. म्हातारी माणसं हजेरीआधी केस विंचरू लागली. लखनलाल दाढी घोटून खिडकीत बसत.

मला आता वाटतं, माणसाला जपायचं म्हणजे काय, हे त्या अंगणात थोडंफार कळत होतं. आणि तेव्हाच सौंसरहून माझ्या भावानं संत्री पाठवली. मृगाच्या बहराची शेवटची फळं, साल सैल झालेली, पण आत रसरशीत. बाजार बंद, ट्रक बंद. फोनवर म्हणाला, "ताई, माल झाडावरच सडून राहिला. तुया तिथल्या लोकांले खाऊ घाल." तो पास काढलेल्या गाडीत पेट्या घेऊन आला, फाटकाबाहेर ठेवून गेला. माझ्या भावाला त्या वर्षी मी एवढंच पाहिलं, फाटकाच्या गजांतून.

त्या दिवशी हॉलमधला तो कोंदट वास गेला. सगळीकडं संत्र्याच्या सालींचा वास. निभाबाई प्रत्येक फोड डोळे मिटून चोखत होत्या. लखनलालनी आपल्या वाट्याचं एक फळ हातात तोललं आणि अंगणापलीकडं कैलाशकडं फेकलं. सरळ, वर, कमानीसारखं. कैलाशनं ते झेललं. सगळ्या पायऱ्यांवरून टाळ्या पडल्या. डॉक्टर तेव्हा फाटकातून येत होते. त्यांनी पाहिलं, रागावले नाहीत. मान फिरवून हसले असावेत, खांदे हलले तेवढे दिसले.

ऊन मात्र रोज चढत होतं. वर्गाचं छत तापून दुपारी भिंतींना हात लावता येत नव्हता. खवसे सरांनी खिडक्यांना ओल्या गोणपाटाचे पडदे लावले, ते तासाभरात वाळायचे. आम्ही दारात पाण्याचे माठ ठेवले. कोण किती पाणी पितं, हे बघायला आत कुणी नव्हतं. आत जायचं नव्हतं ना.

एका सकाळी मी हजेरी घेत होते. "लखनलाल," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही. खिडकीतही कुणी नव्हतं. मला वाटलं, ऐकलं नसेल. मी पुन्हा नाव घेतलं, जरा मोठ्यानं. समोर पायऱ्यांवर कैलाश हात वर करायच्या तयारीत उभा होता, दररोजसारखा, तो हात तसाच अर्धा राहिला.

आत निभाबाई त्यांच्या शेजारच्या अंथरुणावर होत्या. त्या उठल्या, वाकून त्यांनी लखनलालच्या पायाला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग दारात येऊन उभ्या राहिल्या आणि डोक्यावरून पदर घेतला.  अंगणातल्या सगळ्यांना कळलं.

पुढची नावं मी घेतली का, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की कडुनिंबाचा मोहर गळून माझ्या खांद्यावर पडत होता आणि मी तो झटकत होते, झटकतच होते. कैलाश धावत अंगणात आला आणि मधोमध थांबला. मधात कुणी यायचं नाही असं ठरलं होतं, आणि त्या वेळेलासुद्धा त्याचे पाय ते विसरले नाहीत. हे पाहून मला जो धक्का बसला तो मेलेल्या माणसाला पाहूनही बसला नाही.

मग सगळं फार भरभर झालं. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चार माणसं आली. त्यांचे चेहरे दिसत नव्हते. लखनलालना त्यांनी एका पिशवीत घातलं आणि चेन लावली. तपासणीचा अहवाल यायला वेळ लागेल, तोवर प्रेत घरच्यांना द्यायचं नाही, असा नियम होता. अंत्यविधी तेच लोक करणार होते. कैलाशला कुणीतरी हे सांगितलं. त्यानं मान हलवली, जसं काही रेशनचा नियम सांगितलाय.

गाडी निघायला लागली तेव्हा निभाबाई दहावीच्या वर्गाच्या दारातून बाहेर पडल्या. पायाच्या चिंध्या फरफटत त्या गाडीपुढं गेल्या आणि चाकासमोर मातीत बसल्या.

खवसे सर घाबरले. "आजी, हटा नं तिथून. काय करून राहिल्या तुमी?"

"बेटा को देखने दो," त्या म्हणाल्या. "फिर ले जाओ."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्या हलल्या नाहीत. त्यांच्या अंगात बळ नव्हतं, दोन माणसांना त्यांना सहज उचलता आलं असतं. पण हॉलच्या पायऱ्यांवरची सगळी माणसं खाली उतरून उभी राहिली होती. कुणी पुढं आलं नाही, कुणी ओरडलं नाही. डॉक्टर प्लास्टिकच्या पोशाखात होते, घामानं त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. ते निभाबाईंकडं बघत राहिले. त्यांना खिडकीशी सांगितलेली ती गोष्ट माहीत नव्हती, माझ्याकडूनही त्यांना कळली नव्हती. मी तेव्हा पुढं जाऊन त्यांना दोन वाक्यांत सांगितली. ठाकुमा, पानाची डबी, संध्याकाळी येते.

ते म्हणाले, "दूर से. एक मिनट."

चेहरा दिसेल एवढी चेन उघडली. कैलाशला चार-पाच हात अंतरावर उभं केलं. तो बघत राहिला. मला वाटलं हा आता कोसळेल, मी खवसे सरांना पुढं व्हायला खुणावलं. पण कैलाश नुसता बघत होता. मग म्हणाला, "दाढ़ी रह गई है, इधर, कान के नीचे." आणि जरा वेळानं, "ठीक है."

चेन लागली. निभाबाई उठल्या, गाडीला वाट दिली. मग कैलाशपासून लांब उभ्या राहून मला म्हणाल्या, "दिदिमणि, आज का तिथि इसको बता दो." मी ऑफिसात जाऊन भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली आणि त्याला तिथी सांगितली. त्यानं ती दोनदा तोंडानं म्हणून घेतली.

अहवाल नंतर आला. लखनलालना तो रोग नव्हताच. उन्हानं आणि हृदयानं गेले, डॉक्टर म्हणाले. आणि त्याच आठवड्यात हॉलमधली बरीच माणसं आजारी निघाली. म्हणजे म्हाताऱ्यांना तिथून काढलं नसतं तर आणखी किती गेले असते, कोण जाणे. डॉक्टर बरोबर होते. निभाबाईही बरोबर होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात खऱ्या कशा असू शकतात, हे मला आजही नीट लावता येत नाही. मी गणिताची शिक्षिका नाही. खवसे सर गणिताचे होते, त्यांनाही लावता आलं नाही. ते फक्त त्या दिवशी दुपारभर गोणपाट भिजवत राहिले. एक वाळलं की दुसरं.

डॉक्टरांनी नियम बदलला. ज्यांना काही त्रास नाही अशा घरच्या एका माणसानं मास्क लावून वर्गाच्या व्हरांड्यात बसायचं, आपल्या म्हाताऱ्याला तासातासाला पाणी पाजायचं, बघायचं. मिनती तिथं बसू लागली. हजेरी मी घेतच राहिले. त्या रिकाम्या नावाजवळ आले की आवाज जरा अडखळायचा, मग पुढं जायचा. वर्गातली एकही म्हातारी व्यक्ती त्यानंतर गेली नाही. आमच्या शाळेत आम्हाला एवढंच साधलं.

परवानगी आली तेव्हा बसेस आल्या. म्हातारी माणसं आधी चढली. कैलाश एकटाच सागरच्या बसमध्ये बसला, मांडीवर बापाचं गाठोडं घेऊन. निभाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, माझ्या डोक्यावर ठेवायला, पण मी लांब होते. हात तसाच हवेत हलला आणि बस निघाली.

या वर्षी आमच्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण बैतूलला होतं. मधात रविवार आला. मी एका जीपमध्ये बसून त्या बंगाली वस्त्यांकडं गेले. सोबतच्या बायका म्हणाल्या, तिकडं काय बघायला जाता? मी काही सांगितलं नाही. मनात भीती होती. इतकी वर्षं झाली, ती बाई असेल का, आणि नसेल तर ते मला कुणाच्या तोंडून ऐकावं लागेल.

दोन वस्त्यांत विचारलं. तिसऱ्या ठिकाणी एका पोरीनं तळ्याकाठचं घर दाखवलं. शेणानं सारवलेलं अंगण, केळीची झाडं, दोरीवर वाळत घातलेली जाळी. ओट्यावर निभाबाई बसल्या होत्या. अजून लहान झाल्या होत्या. मांडीवर सूप होतं, त्यातले तांदूळ त्या निवडत होत्या. मला पाहून त्यांनी चष्मा वर सरकवला.

"किसको चाहिए?"

मी म्हटलं, "मैं पांढुर्णा से आई हूँ. उस स्कूल से."

त्यांनी मान हलवली. पण ओळखलं नव्हतं. चौकशीला आलेल्या सरकारी बाईकडं बघावं तसं त्या बघत होत्या, आदरानं आणि सावध. मी खिडकीचं सांगितलं, भाताचं सांगितलं. त्या हो हो म्हणत राहिल्या, नजर मात्र परकीच. माझं नाव त्यांना कधी माहीत नव्हतं, त्यामुळं ते सांगून उपयोग नव्हता. इतक्या लांब येऊन मी त्यांच्या अंगणात एक अनोळखी बाई होते.  मग मला सुचलं. मी साडीचा पदर घेतला आणि डोळ्यांखालून नाक-तोंड झाकून घेतलं.

निभाबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं. त्या उठल्या, ओट्याच्या कडेला धरत खाली उतरल्या आणि माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांच्या तोंडातल्या पानाचा वास मला आला.

"दिदिमणि," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात वर केला, माझ्या बोटांतून पदर सोडवून घेतला आणि हळूच खाली ओढला. मग माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बघत राहिल्या. कितीतरी वेळ. खरखरीत तळहात माझ्या गालावर होता.

"मिनती," त्यांनी मागं न वळताच घरात हाक मारली, "इधर आ. देख, दिदिमणि ऐसा दिखता है."